रंगनाथआण्णांचं शटर

कपाशीच्या बियाण्याच्या पिशवीवर मागच्या बाजूला जो मजकूर असतो, तो कुणीच वाचत नाही असं माझ्या बायकोचं म्हणणं आहे. तो मी लिहितो. 'जोमदार वाढ, भरगच्च बोंडं, वेचणीस सुलभ' ही माझी रचना. जालन्यातल्या एका बियाणे कंपनीत मी चौदा वर्षं हेच करतो आहे. आणि त्याच हाताने, बहुतेक त्याच शब्दांनी, सहा वर्षं मी एका स्थानिक दैनिकाच्या रविवार पुरवणीत नव्या अल्बमांवर समीक्षा लिहीत होतो. समीक्षा हा शब्द माझा. संपादक त्याला 'ते गाण्याचं' म्हणायचे. "ते गाण्याचं गुरुवारपर्यंत पाठवा, जाहिरात आली तर उडवू."

मला मात्र वाटायचं, कुठेतरी एखादा संगीतकार रविवारी सकाळी पुरवणी उघडून माझा काय शब्द पडतो याची वाट बघत बसला असेल. या समजुतीतून मला वडीगोद्रीच्या रंगनाथआण्णांनी बाहेर काढलं. आण्णा गेल्या हिवाळ्यात गेले. त्यांच्यावर चांगलं लिहावं असं मनात आहे. पण माझी चांगलं लिहिण्याची पद्धत त्यांना माहीत होती आणि ती त्यांना अजिबात पसंत नव्हती. म्हणून जरा जपून लिहितो.

वडीगोद्रीत हायवेच्या कडेला, पंक्चरचं दुकान आणि रसवंती यांच्यामध्ये आण्णांचं दुकान होतं. आधी कॅसेटी भरून द्यायचे, मग सीडी, मग मेमरी कार्ड, आणि माझी ओळख झाली तोवर पेन ड्राइव्ह. ट्रकवाले, जीपवाले, ट्रॅक्टरवाले हे गिऱ्हाईक. आमच्या कंपनीची प्रचाराची गाडी गावोगाव फिरायची, तिच्यासाठी नवी गाणी भरून घ्यायला मी पहिल्यांदा तिथे गेलो. दुपारी एकची वेळ, दुकान बंद. शटरवर, बरोबर मधल्या तीन पट्ट्यांवर, खडूने लिहिलेलं होतं. वर एका नव्या अल्बमचं नाव आणि खाली:

'आठ गाणी हायेत.
एकच गाणं आठ वेळा.'

माझ्या हातात त्याच रविवारची पुरवणी होती. तीत मी त्याच अल्बमला साडेचार तारे देऊन 'सुरांची भरगच्च मेजवानी' असं लिहिलं होतं. पुरवणी मी नकळत घडी करून खिशात घातली.

शेजारच्या लिंबाखाली एक उंच, सडपातळ माणूस भाकरी खात बसला होता. पांढरा पायजमा, पांढरी टोपी, शर्टाच्या खिशात दोन खडू. मी विचारलं, "हे कुणी लिहिलं?"

"मी. काहून? तुमच्या पाव्हण्याचा हाये का अल्बम?"

"नाही. पण मला बरा वाटला."

"किती वेळा ऐकला?"

मी म्हणालो, एकदा. तेही खरं नव्हतं. मी पहिलं गाणं पूर्ण आणि उरलेल्या सगळ्यांची पहिली दोन-दोन मिनिटं ऐकली होती. आण्णांनी माझ्याकडे बघितलं, भाकरीचा घास घेतला आणि म्हणाले, "एकदा ऐकून बरा वाटतोच. सोयरीक बी एकदा बघून बरीच वाटती."

पट्ट्या तीनच का, हे मी नंतर विचारलं. वरच्या हाताला येत नव्हत्या आणि खालच्या वाचायला माणसाला वाकावं लागतं, एवढंच कारण. एका पट्टीवर एक ओळ मावायची. माझं सदर नऊशे शब्दांचं असायचं. दुकान उघडलं की शटर वर गुंडाळलं जायचं आणि मत दिसायचं नाही. दुपारी जेवायला आणि संध्याकाळी घरी जाताना ते खाली ओढलं, की दिसायचं. त्यामुळे वडीगोद्रीत नव्या गाण्याचं काय ते बघायला लोक दुकान बंद असताना यायचे. मला हे उलटं वाटलं. मी त्यांना सल्ला दिला, कारण सल्ला द्यायला मला कधी वेळ लागलेला नाही. म्हटलं, "आण्णा, आत एक फळा लावा. गिऱ्हाईक असताना दिसेल."

"उघडं असलं की मी इकून राह्यलो ना," आण्णा म्हणाले. "इकणाऱ्याचं मत कशाला वाचायचं? बंद झाल्यावर वाचावं."

विकायच्या बाबतीतही ते विचित्रच होते. एकटं गाणं तोडून द्यायचे नाहीत. ट्रकवाला म्हणायचा, आण्णा, ते एक गाणं टाका, जल्दी हाये. आण्णा पूर्ण अल्बम टाकायचे आणि सांगायचे, "सातव्या नंबरला हाये. इथून निघाला की अंबड येईस्तोवर लागतं. तोवर आधीची सहा ऐका, कोन मरत न्हाई." चिडून गेलेला ट्रकवाला महिन्याने परत यायचा आणि चौथ्या गाण्याबद्दल बोलायचा. हे मी स्वतः दोनदा बघितलं आहे.

पण त्यांची ऐकायची पद्धत त्याहून न्यारी होती. दुकानात ते नवा अल्बम कधीच ऐकायचे नाहीत. गावालगत त्यांची मोसंबीची बाग होती. सकाळी सहाला ते जुनी जीप बांधावर उभी करायचे, दारं उघडी टाकून अल्बम लावायचे, आणि खुरपं घेऊन झाडाखालची आळी खुरपायला बसायचे. पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत, मधे उठायचं नाही, पुढे ढकलायचं नाही, मागे घ्यायचं नाही. गाण्याकडे लक्षही द्यायचं नाही. लक्ष हाताकडे. हात नेहमीसारखा चालत राहिला तर अल्बम कामापुरता बरा. हात रेंगाळला, मधेच टोपी सरळ करायला गेला, तर वाईट. आणि हात आपोआप थांबला, खुरपं मातीत रुतलेलं तसंच राहिलं, तर ते गाणं खरं. "डोकं खोटं बोलतं, साहेब. कान बी बोलतो. हाताला येत न्हाई बोलायला."

एकदा मी हट्टाने गेलो. मला वाटलं, यावर एक सुंदर लेख होईल. आण्णांनी मला दुसरं खुरपं दिलं. तिसऱ्या गाण्याला मी इतका तल्लीन झालो, म्हणजे तल्लीन दिसण्याच्या खटपटीत इतका होतो, की खुरप्याने ठिबकची नळी कापली. पाण्याची चिळकांडी माझ्या चष्म्यावर. आण्णा उठले, नळीला गाठ मारली, पुन्हा बसले आणि खुरपत राहिले. अल्बम संपल्यावर म्हणाले, "तिसऱ्या गाण्यानं नळी तुटली. हे लिवा तुमच्या पेपरात. आजवर लिवलं न्हाई असं कायतरी होईल."

मी ते लिहिलं नाही. मी लिहिलं, 'काळ्या मातीचा गंध ल्यालेले जोमदार सूर'. पुढच्या भेटीत आण्णांनी पुरवणी काढून तो शब्द मला बोटाने दाखवला. "जोमदार. हे तर कपाशीच्या पिशवीवरचं हाये. माझ्या घरी पडलेली हाये पिशवी, आणून दाखवू का?"

माझ्या बायकोचं म्हणणं खोटं ठरवणारा आयुष्यात एकच माणूस भेटला. पिशवीचा मागचा मजकूर आण्णांनी वाचला होता.

असं असून मी जात राहिलो. का, ते तेव्हा मला सांगता आलं नसतं. महिन्यातून दोन-तीनदा कंपनीच्या गाडीचं निमित्त काढून जायचो, लिंबाखाली बसायचो, शटर वाचायचो. मला त्यांचा शब्द हवाहवासा वाटायचा. आणि त्यांनी मला एकदा फार सांभाळून घेतलं आहे, तेही सांगितलं पाहिजे, कारण त्यानंतर मी जे केलं ते त्याशिवाय नीट कळणार नाही.

एका अल्बमवर मी लिहिलं होतं, की यात संगीतकाराने वाद्यांना धाडसी विश्रांती दिली आहे. शेवटचं गाणं तर विरहाचं एकतर्फी गाणं असून गायिका प्रत्येक ओळीनंतर थांबते आणि न येणाऱ्या उत्तराची वाट बघते, ती शांतता अंगावर येते. मला स्वतःला हा परिच्छेद इतका आवडला होता, की मी तो बायकोला दोनदा वाचून दाखवला. त्या आठवड्यात वडीगोद्रीला गेलो तर आण्णांनी हात पुढे केला. "तुमचं ते कानात घालायचं द्या बरं." मी इअरफोन दिला. त्यांनी एक बोंड डाव्या कानाला लावलं, दुसरं उजव्या कानाला, झटकलं, परत लावलं.

"उजवा मेलेला हाये," ते म्हणाले. "कधीपासून?"

मला माहीत नव्हतं. ते गाणं दोघांचं होतं. गायिका डाव्या बाजूला गात होती आणि तिच्या प्रत्येक ओळीला उजव्या बाजूने एक पुरुष चांगलं खणखणीत उत्तर देत होता. बासरी, ढोलकी, सगळा संसार उजवीकडे होता. मी कितीतरी महिने अर्धी गाणी ऐकून पूर्ण मतं देत होतो.

मी शटरकडे बघितलं. तिथे त्या अल्बमबद्दल दोन साध्या ओळी होत्या, माझं नावगाव काही नाही. आण्णांनी इअरफोनची वायर नीट गुंडाळून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "दुसरा घ्या. खर्चा व्हतो थोडा, पण घ्या." हे त्यांनी कुणालाही सांगितलं नाही. मी आज स्वतः सांगतो आहे.

आता सविताचं. सविता आमच्याच कंपनीत, पाठवणी विभागात, कुठल्या तालुक्याला किती पोती गेली हे बघणारी. माझ्या टेबलापासून तिसरं टेबल. ती आण्णांची मुलगी आहे हे मला दोन वर्षं माहीत नव्हतं, कारण तिने सांगितलं नाही आणि मी माझ्या सदराव्यतिरिक्त ऑफिसात कशावर बोलत नव्हतो. तिने पाच गाण्यांचा अल्बम केला. गाणी तिची, चाली तिच्या, आवाज तिचा. जालन्यातच एका छोट्या स्टुडिओत शनिवार-रविवार जाऊन वर्षभरात केलेला. अल्बमचं नाव इथे सांगत नाही. पुन्हा जाहिरात केल्यासारखं होईल आणि त्या बाबतीत माझा इतिहास वाईट आहे.

ती माझ्या टेबलाशी आली तेव्हा मी आपणहून म्हणालो, "लिहितो ना, लिहितो. चांगलंच लिहितो."

"त्यासाठी न्हाई आले, सर," ती म्हणाली. "तुम्ही आण्णांकडे जाता. त्यांना पेन ड्राइव्ह देऊन तीन हप्ते झाले. शटरवर काही आलंय का, एवढं बघून सांगा."

मग तिने सांगितलं ते असं. सहावीत असताना ती शाळेच्या कार्यक्रमात गायली. टाळ्या झाल्या, हेडमास्तरांनी पाठ थोपटली. घरी जाताना रस्त्यात आण्णा म्हणाले, "तू लोकांकडं बघून गात व्हतीस." बाकी काही नाही. त्यानंतर आण्णा घरात असताना ती कधी गायली नाही. आता पस्तिशीची झाली होती.

"ते सगळ्यांचं लिहितात," ती म्हणाली. "माझं लिहिलं, वाईट का असेना, तर मी पुढचा अल्बम करीन. लिहिलंच न्हाई, तर मी समजून घेईन की लिहिण्यासारखं काही नव्हतं. मंग बंद."

मी वडीगोद्रीला गेलो. शटर कोरं होतं. आण्णांच्या खिशात खडूंच्या शेजारी पेन ड्राइव्ह दिसत होता. मी विचारलं, तर म्हणाले, "बघू." आण्णांच्या तोंडून 'बघू' मी पहिल्यांदा ऐकला.

मला सविताची दया आली. खरं सांगायचं तर दया आली आणि संधीही दिसली. बापलेकीच्या मधे उभं राहून दोघांना जोडणारा समीक्षक, हे चित्र मला फार शोभून दिसलं. गुरुवारी मी लिहायला बसलो. अल्बमची अडीच गाणी मी स्कूटरवर येता-जाता ऐकली होती, या वेळी दोन्ही कानांनी. नऊशे शब्द, पाच तारे. आणि शेवटी हे लिहिलं: 'गायिकेचे वडील, वडीगोद्रीचे चोखंदळ श्रोते रंगनाथआण्णा, नव्या गाण्याची पारख खुरपं चालवणाऱ्या आपल्या हातावरून करतात. लेकीच्या पहिल्याच गाण्याला तो हात थांबला.'

मला वाटलं, थांबणारच आहे, आज ना उद्या. आपण थोडं आधी लिहिलं.

रविवारी पुरवणी आली. सोमवारी सविता माझ्या टेबलाशी उभी राहिली. तिने बसायला नकार दिला आणि हळू आवाजात, आजूबाजूला ऐकू जाऊ नये असं, सगळं सांगितलं. रविवारी सकाळी ती पुरवणी वाचता वाचताच रडली होती. पेढे घेतले, पहिली बस धरली, वडीगोद्रीला गेली. आण्णा शटर उघडत होते. ती पाया पडली. आण्णांनी विचारलं, "कशाचे पेढे?" तिने पुरवणी पुढे केली. त्यांनी ती चष्मा लावून दोनदा वाचली आणि म्हणाले, "मी ऐकलंच न्हाई अजून, बाई."

"मी पेढे परत घेऊन आले, सर," सविता म्हणाली आणि आपल्या टेबलाकडे गेली. त्यानंतर कितीतरी दिवस ती माझ्याकडचे कागद शिपायाच्या हाती पाठवत होती.

मंगळवारी मी गेलो. मला वाटलं होतं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. आण्णांनी मला पाणी दिलं, खुर्ची दिली, दुकानात गिऱ्हाईक होतं त्याचं काम पूर्ण केलं आणि मग लिंबाखाली येऊन बसले.

"आण्णा, चुकलं माझं," मी म्हणालो.

"तीन हप्ते मी ऐकलं न्हाई, कारण मला भ्या वाटत व्हतं," ते म्हणाले. "वाईट निघालं तर लिवावं लागतं. मी आजवर कोनाचं सोडलं न्हाई. पोरीचं सोडलं तर मागचं सगळं पुसावं लागंल. म्हणून खिशात घेऊन फिरून राह्यलो. पण येक ना येक दिवस ऐकलंच असतं." मग आपला उजवा हात त्यांनी मांडीवर उताणा ठेवला आणि त्याच्याकडे बघत राहिले. "आता कसं ऐकू? आता थांबला तर वाटंल, पेपरात आलं म्हणून थांबला. न्हाई थांबला तर वाटंल, राग आला म्हणून थांबला न्हाई. तुम्ही माझा हातच खराब केला, साहेब."

मी त्या माणसाकडून चाळीस वर्षांची एक वस्तू एका वाक्यात काढून घेतली होती, तीही त्याच्यावर उपकार करण्याच्या आविर्भावात. मला तिथे बसवेना. जायला उठलो तर म्हणाले, "पाणी पिऊन जा." मी प्यालो.

त्या आठवड्यात मी संपादकांना खुलासा पाठवला: 'गेल्या वेळी गायिकेच्या वडिलांचं जे मत छापलं ते त्यांनी दिलेलं नव्हतं, ते मी रचलं होतं. तेव्हा त्यांनी अल्बम ऐकला नव्हता आणि मीही अडीच गाणीच ऐकली होती.' संपादकांनी जागेअभावी शेवटचं वाक्य कापलं. त्यानंतर सदर बंद झालं. सहा वर्षं चाललेलं सदर बंद का पडलं, असं एकाही वाचकाने विचारलं नाही. म्हणजे एका अर्थी नुकसान फार कमी लोकांचं झालं.

पंधरा दिवसांनी आण्णांचा फोन आला. "गुरुवारी सकाळी बागेत या. तोंड बंद ठेवायचं आन् खुरप्याला हात लावायचा न्हाई."

बागेत चार बाया खुरपणीला लावल्या होत्या. त्यातली सगळ्यात म्हातारी कौसाबाई. ती आण्णांच्या बागेत तीस वर्षं येत होती आणि तिला पेपरशी काही देणंघेणं नव्हतं. सविता गाते हे चौघींपैकी कुणाला ठाऊक नव्हतं. आण्णांनी जीपची दारं उघडली, खिशातला पेन ड्राइव्ह काढून लावला आणि बांधावर येऊन उभे राहिले. दोन्ही हात त्यांनी पाठीमागे धरले होते, एकाने दुसऱ्याचं मनगट. मला लांब, शेवटच्या झाडाखाली बसवलं होतं.

पहिलं गाणं सुरू झालं. बाया कुणाच्या तरी सुनेबद्दल बोलत होत्या, तशाच बोलत राहिल्या. खुरपी चालू. मी ज्या गाण्याला आण्णांचा हात थांबवला होता, ते हेच. ते आलं आणि गेलं, आणि सुनेचा विषय मात्र संपला नाही. दुसरं गाणंही तसंच. आण्णांचं तोंड मला दिसत नव्हतं, पाठच दिसत होती. मनगटावरची पकड तेवढी आवळलेली दिसली.

तिसरं गाणं सविताने संथ घेतलं होतं. पोती मोजणाऱ्या बाईचं गाणं आहे ते. दिवसभर कुठल्या गावाला काय गेलं ते लिहिते आणि तिच्या गावाला काहीच जात नाही. मी अडीच गाणी ऐकली होती म्हटलं ना, ते अर्धं राहिलेलं हेच. आधी कौसाबाईचं बोलणं थांबलं. मग बाकीच्या तिघी गप्प झाल्या. मग कौसाबाईचं खुरपं मातीत राहिलं आणि ती तशीच उकिडवी बसून जीपकडे बघायला लागली. एकेक करून चारही खुरपी थांबली. बागेत नुसतं गाणं होतं.

ते संपल्यावर कौसाबाई म्हणाली, "कोन हाये वो ही?"

"हाये येक," आण्णा म्हणाले.

चौथ्याला हात पुन्हा चालू लागले, पाचव्याला सुनेचा विषयही परत निघाला. अल्बम संपला तशी कौसाबाई म्हणाली, "आण्णा, ते मघाचं लावा की परत."

आण्णांनी चाळीस वर्षांत गाणं मागे घेतलं नव्हतं. ते जीपपाशी गेले, बटणावर बोट ठेवून थोडा वेळ उभे राहिले. मग त्यांनी ते लावलं आणि पाठमोरेच, जीपच्या टपावर कोपर टेकून, शेवटपर्यंत ऐकलं. खांदे हलत होते. मी दुसरीकडे बघितलं. तेवढी अक्कल तोवर आली होती.

नंतरचं थोडक्यात. दोन आठवड्यांनी कंपनीने मला विदर्भातल्या डेपोवर पाठवलं. आठ महिने तिकडेच होतो. आण्णांना दोनदा फोन केला, दोन्ही वेळेस ते नव्या अल्बमांबद्दल बोलले आणि मी फक्त ऐकलं. मग एका सकाळी सविताचा फोन आला, की आण्णा रात्री झोपेतच गेले. मी पोहोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. दुकानाला कुलूप होतं आणि शटरवर अवकाळी पावसाने धुतलेला पांढरा डाग तेवढा होता.

पण मी त्यांना शेवटचं बघितलं ते त्या गुरुवारच्या दुसऱ्या दिवशी. शुक्रवार, वडीगोद्रीचा बाजार. आमची प्रचाराची गाडी बाजारात लावायची होती म्हणून मी गेलो. सकाळचे अकरा वाजलेले, रस्ता गाड्यांनी भरलेला, आठवड्यातलं सगळ्यात जास्त गिऱ्हाईक या दिवसाचं. आणि आण्णांचं दुकान बंद. शटर खाली. आण्णा बाजूला खुर्ची टाकून, धुतलेली टोपी घालून बसले होते. शटरवर, मधल्या तीन पट्ट्यांवर:

'पाच गाणी. गायिका सविता, माझी पोरगी.
तिसऱ्याला चार खुरपी थांबली.
बाकीची लोकांकडं बघून.'

सविता शटरसमोर उभी होती. आण्णांनी तिला फोन करून बोलावलं असणार. मी गाडीतून उतरलो नाही, काच खाली करून बसलो. तिने ते वाचलं, पुन्हा वाचलं, आणि पदराने डोळे पुसत आण्णांकडे वळली.

"चार?"

"चार. आधी कौसाबाईचं."

"आन् तुमचा हात?"

"माझा धरून ठेवला व्हता," आण्णा म्हणाले. "म्हणून पाचवं खुरपं लिवलं न्हाई."

सविताने शेवटच्या ओळीकडे बोट केलं. मग म्हणाली, "बाकीच्यांचं बराबर हाये. मला बी तसंच वाटत व्हतं." आणि लगेच, "पुढचा केला की आधी कौसाबाईला ऐकवीन."

"तिलाच ऐकव," आण्णा म्हणाले.

तेवढ्यात एक ट्रकवाला गाडी बाजूला घेऊन उतरला, खिशातून पेन ड्राइव्ह काढत आला. "आण्णा, बाजारच्या दिवशी बंद काहून? उघडा की जल्दी, सोलापूर गाठायचंय."

आण्णांनी खुर्ची शटरपासून थोडी बाजूला ओढली, म्हणजे त्याला तिन्ही ओळी नीट दिसाव्यात.

"आज दिवसभर बंद हाये," ते म्हणाले. "वाच."